एसीतून डीसीकडे
लेखमाला ‘धोरण एका पानात’ : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण धोरणाचं एक पान तयार केलं. धंद्याची खरी अडचण काय, आपण कोणती वाट धरली, कोणती कामं सोडून दिली, एवढं त्या पानावर बसवलं. पण पान मालकाच्या खणात राहतं. गोदामात, कारखान्यात, गल्ल्यावर काम करणाऱ्या माणसाला ते पाठ नसतं, आणि ऐन गर्दीच्या वेळी पाठ असलेलंच आठवतं. म्हणून आज त्या पानाची एक ओळ कशी होते ते पाहू. उदाहरण सुरतेचं घेतो. ते कंपनीचं नाही, महापालिकेचं आहे. तरीही घेतो, कारण इतक्या थोड्या शब्दांत इतक्या मोठ्या माणूसबळाला कामाला लावल्याचं याहून चांगलं भारतीय उदाहरण मला ठाऊक नाही.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगची बातमी आली. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचा संशय आला आणि शहर हादरलं. त्याआधी पावसाने आणि तापीच्या पुराने सखल वस्त्यांत पाणी शिरलं होतं. पाणी ओसरलं तेव्हा चिखल, कचरा आणि मेलेली जनावरं मागे राहिली. वेड रोडच्या बाजूने रुग्ण येऊ लागले आणि चार-पाच दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. यंत्रमागावर, रंगाईच्या मिलमध्ये राबणारी खानदेशी कुटुंबं ताप्ती लाइनच्या गाड्यांनी नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे परतली. हिऱ्यांचे कारखाने बंद, कापड बाजार बंद. देशभरात मिळून पन्नासहून अधिक माणसं दगावली. परदेशांनी भारताकडची विमानं थांबवली. हिरे आणि कापड यांवर जगणाऱ्या शहराला कचऱ्याने अशी किंमत मोजायला लावली.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. महापालिकेकडे झाडूवाले होते, ट्रक होते, इंजिनीअर होते, कायदेही होते. पुढच्या दीड वर्षात जे घडलं ते बव्हंशी याच माणसांनी घडवलं. १९९६ मध्ये इन्टॅक या संस्थेच्या पाहणीत सुरत देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरलं. पहिलं होतं चंडीगड.

मधल्या काळात काय झालं याची यादी मोठी आहे. रात्रीची झाडलोट सुरू झाली. उघड्यावर कचरा टाकणाऱ्याकडून पैसे वसूल होऊ लागले. हॉटेलांची तपासणी कडक झाली. बड्या लोकांची बेकायदा बांधकामं पाडली गेली. झोपडपट्ट्यांत फरशी, नळ, संडास आले. रोगांच्या नोंदी रोजच्या रोज गोळा होऊ लागल्या. तक्रार किती तासांत निकाली काढायची याची मुदत ठरली आणि त्यासाठी कार्डं निघाली. पण अशी यादी कुठल्याही महापालिकेच्या अंदाजपत्रकात सापडते. ती वाचून सकाळी सहाला मुकादम कुठे उभा राहील हे कळत नाही.

सुरतेत ते कळत होतं, कारण यादीच्या मुळाशी एक ओळ होती: एसीतून डीसीकडे. एसी म्हणजे एअरकंडिशन्ड खोली, डीसी म्हणजे डेली चोअर्स, रोजची कामं. अधिकाऱ्याने गार खोलीतून उठायचं आणि सकाळी रस्त्यावर, नाल्यावर, कचराकुंडीपाशी जायचं. स्वतः आयुक्तही जात. दुपारी सगळे एकत्र बसत, सकाळी पाहिलेलं मांडत, अडलेलं तिथेच सोडवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ही ओळ ऐकताना हलकीफुलकी वाटते, म्हणून तिच्यातला विचार निसटू शकतो. तिच्यामागे निदान आहे. अमेरिकन प्राध्यापक रिचर्ड रुमेल्ट यांनी २०११ च्या ‘गुड स्ट्रॅटेजी बॅड स्ट्रॅटेजी’ या पुस्तकात धोरणाचा गाभा तीन भागांत सांगितला आहे: अडचणीचं निदान, त्यावरची दिशा, आणि एकमेकांना पूरक अशा कृती. सुरतेला हे लावून पाहा. कचरा हे दुखण्याचं लक्षण होतं. दुखणं असं होतं की निर्णय घेणारा माणूस आणि तुंबलेलं गटार यांची भेटच होत नव्हती. कचरा एका खात्याचा, नाला दुसऱ्याचा, अतिक्रमण तिसऱ्याचं. कागद वर चढायचा आणि वरच राहायचा. निदान ‘माणसं कमी’ असं केलं असतं तर भरती काढावी लागली असती. ‘पैसा कमी’ असं केलं असतं तर दिल्लीकडे डोळे लावून बसावं लागलं असतं. ‘अंतर जास्त’ असं निदान झालं, म्हणून उपाय दुसऱ्या दिवशी सकाळपासून करता आला.

नुसतं रस्त्यावर पाठवूनही भागलं नसतं. रस्त्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला जेसीबी मागवण्यासाठी वरची सही लागत असेल, तर तो उन्हात उभा राहिलेला कारकूनच. राव यांनी शहराचे सहा झोन केले आणि प्रत्येक झोनच्या प्रमुखाला आयुक्ताचे अधिकार दिले, पैसे खर्च करण्याचेही. त्याखाली सफाईचे ५२ वॉर्ड होते. कोणता कोपरा कोणाचा, हे ठरलेलं होतं. मला या सगळ्या कथेत हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मोहिमेचं नाव लोकांच्या लक्षात राहिलं, पण अधिकार खाली सोडले नसते तर ते नाव महिनाभरात फलकावर सुकलं असतं. आपल्याकडच्या अनेक घरंदाज धंद्यांत ओळ सुंदर असते आणि चेकबुक मात्र वडिलांच्याच खिशात असतं.

आणखी एक गोष्ट. ही ओळ झाडूवाल्याला काही सांगत नाही. ती साहेबाला सांगते. ‘शहर स्वच्छ ठेवा’ म्हटलं की ओझं सर्वांत खालच्या माणसावर जातं आणि वरचा मोकळा राहतो. ‘एसीतून डीसीकडे’ म्हटलं की आधी वरच्याचा दिवस बदलतो, आणि तो बदलला की नाही हे खालचा माणूस घड्याळ पाहून सांगू शकतो. सकाळी साहेब नाक्यावर दिसले की नाही? या प्रश्नाला अहवाल लागत नाही. माणसं ओळीमागे उभी राहतात ती इथे. आपल्या वरिष्ठालाही हीच ओळ लागू आहे हे दिसलं, की राबणाऱ्याला तिच्यात आपली फसवणूक वाटत नाही.

त्याच १९९६ साली, नोव्हेंबर-डिसेंबरच्या अंकात, ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये मायकेल पोर्टर यांचा ‘धोरण म्हणजे काय’ हा लेख छापून आला. काय करायचं नाही हे निवडण्यात धोरणाचं सार आहे, असं त्यांचं म्हणणं. सुरतेच्या ओळीत हे सोडणं पहिल्या शब्दातच आहे: खोली सोडायची. सकाळच्या बैठका, भेटीगाठी, फायली यांना त्या वेळात जागा नाही.

मात्र जे सुटतं त्यात कधी माणसंही असतात, हे लपवू नये. सुरतेच्या सेंटर फॉर सोशल स्टडीजमध्ये काम केलेले घनश्याम शाह यांनी या प्लेगवर १९९७ मध्ये ‘पब्लिक हेल्थ अँड अर्बन डेव्हलपमेंट’ हे पुस्तक लिहिलं. प्लेगकडे पाहताना शहराच्या वाढीकडे आणि मजुरांच्या राहणीकडेही पाहावं लागतं. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगाराचा पगार, त्याचं घर, त्याची नोकरी यांबद्दल ‘एसीतून डीसीकडे’ काही बोलत नाही. तिची ती कक्षाच नव्हती. ओळ छोटी करताना तुम्ही काय बाहेर ठेवता आहात ते स्वतःला माहीत हवं, आणि ते पानाच्या मागच्या बाजूला लिहूनही ठेवावं. नाहीतर आज बाजूला ठेवलेली गोष्ट कायमची विसरली जाते.

आता हे सगळं एका पेढीवर आणू. सुरतेच्याच रिंग रोडवरची साड्यांची पेढी समजा. ग्रे कापड घ्यायचं, मिलमधून रंगवून-छापून आणायचं, काही मालावर बाहेरून भरतकाम आणि लेस करून घ्यायची, मग फोल्डिंग, पॅकिंग, पार्सल. शेठ, हिशेबनीस, दोन सेल्समन, फोल्डिंगला सहा-सात मुलं. भिंतीवर ‘गुणवत्ता, विश्वास, सेवा’ अशी पाटी. एका संध्याकाळी मिलमधून आलेल्या लॉटची शेड नमुन्यापेक्षा जरा उतरलेली आहे. फोल्डिंगच्या मुलाला ते दिसतं. सेल्समन म्हणतो, जालन्याच्या पार्टीला आज पार्सल निघायलाच हवं. पाटी दोघांच्याही बाजूची आहे: गुणवत्ता म्हटलं तर थांबवा, सेवा म्हटलं तर पाठवा. मग ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.

शेठने आधी निदान करावं. सहा महिन्यांत परत आलेला माल काढावा आणि प्रत्येक गठ्ठ्यावर परतीचं कारण लिहावं. ही दोन दिवसांची मेहनत टाळून कुणी ओळ लिहायला बसू नये. समजा, भाव आणि डिझाइन यांमुळे फार थोडा माल परत आला आणि बहुतेक माल शेडमुळे आला. मग ओळ होते: ‘शेड जुळली तरच पार्सल.’ चार शब्द. फोल्डिंगच्या मुलाला त्या संध्याकाळी काय करायचं ते कळलं आणि सेल्समनला पार्टीला कोणती तारीख द्यायची तेही. काय सोडलं? आजच्या आज माल मागणाऱ्या काही पार्ट्या. त्या जातील, हे शेठने ओळ लिहितानाच मान्य केलेलं असावं.

पण ही ओळ अजून अर्धीच आहे. शेठचा दिवस कुठे बदलला? शेड ट्यूबलाइटखाली फसवते, ती दिवसाच्या उजेडात पाहावी लागते. म्हणून शेठने रोज सकाळचा पहिला तास गादी सोडून खिडकीजवळच्या फोल्डिंगच्या टेबलापाशी काढावा, नमुना आणि लॉट शेजारी ठेवून पाहावा, आणि खराब लॉटसाठी मिलला फोन तिथूनच करावा. शेठ बाहेरगावी असतील त्या दिवशी लॉट थांबवण्याचा अधिकार फोल्डिंगच्या मुकादमाचा. त्याने थांबवलेला लॉट सेल्समनच्या सांगण्यावरून सोडायचा नाही, आणि शेठच्या साडूच्या ऑर्डरसाठीही नाही. ज्या दिवशी शेठ स्वतः ‘आजच्या दिवस जाऊ दे’ म्हणतील, त्या दिवशी ती ओळ संपली. पोरं दुसऱ्या दिवसापासून शेठचा चेहरा पाहून शेड ठरवतील.

सुरतेत राव पुढे बदलून गेले. तरीही झोनची रचना राहिली, त्यांची संख्या नंतर वाढली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत आणि इंदूर यांना पहिला क्रमांक विभागून मिळाला. मधल्या वर्षांत बरीच वेगळी कामंही झाली, सगळं श्रेय एका ओळीला देणार नाही. पण लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांपैकी वयस्कर माणसांना ९४ ची पळापळ आठवत असेल. त्यांच्या गल्लीतून रोज कचरा उचलला जातो, याचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायला नको.

या आठवड्यासाठी काम एकच. तुमच्या पानाची ओळ करा आणि ती घेऊन सर्वांत नव्या माणसाकडे जा. ओळ वाचून दाखवू नका. त्याच्या कामातला कालचा एखादा अडलेला प्रसंग त्याला विचारा, मग ओळ सांगा, आणि तोच प्रसंग पुन्हा आला तर काय करशील ते विचारा. उत्तर बदललं नाही तर ओळ परत लिहा. मग दुसरा प्रश्न, जरा धीर करून: या ओळीमुळे मालकाला काय करावं लागेल? तो गप्प राहिला, तरीही परत लिहा.

पुढच्या भागात साड्यांच्या पेढीतल्या त्या सेल्समनकडे जाऊ. त्याचं कमिशन पार्सल निघालं की जमा होतं आणि माल परत आला तरी कापलं जात नाही. ‘शेड जुळली तरच पार्सल’ ही ओळ त्याच्या खिशाशी रोज भांडणार आहे.