पाच लिटरचा फेरा

पहाटे ४.१५
बारागाव नांदूर, मुळा धरणाचा काठ. आषाढ सरत आलाय. नाना डबा हलवून पेट्रोल बघतात. पाच लिटर, सव्वापाचशे रुपयांचं. होडीचं आजचं फिरणं एवढ्यातच बसवायचं, ठेकेदाराने बजावलंय. नानांचा रोज पाचशे, सोबतच्या भाच्याला चारशे. काम धरणातल्या माशांच्या राखणीचं. बारीक आसाचं (छिद्रांचं) जाळं दिसलं की उचलायचं.

४.३०
नकाशा नाही. नाना आधी वारा बघतात. पश्चिमेचा आहे. म्हणजे जाताना लाटा अंगावर, पेट्रोल जास्त जाणार. येताना वल्ह्यावर भागेल. अमावास्या जवळ आलीय, अंधारात जाळी पडली असणार. मग भाच्याला विचारतात, "कोतूळकडून पाण्याची आवक?" वाढलीय. हरिश्चंद्रगडाकडे पाऊस झाला.

इथेच फेरा ठरला. नवं गढूळ पाणी आलं की अंड्यावर आलेले कटला, रोहू, मृगल नदीच्या तोंडाकडे चढतात. जाळीही तिथेच लागतात. भिंतीकडची बाजू आज सोडायची. २६ टीएमसीचं धरण पाच लिटरमध्ये फिरून होत नाही.

"अंदाज चुकला तर?" मी विचारलं.
"तर उद्या. पण रोज एकाच वाटेनं गेलो ना, तर रोजच चुकंल. इंजिनाचा आवाज समद्यांना पाठ आहे."

५.४०
वावरथ-जांभळीच्या अंगाला इंजिन बंद. भाचा वल्हं मारतो. नाना दोरीला बांधलेला लोखंडी आकडा तळातून ओढत राहतात. दोनदा बाभळीचं खोड लागलं. तिसऱ्यांदा दोरी जड झाली.

जाळं वर यायला पाऊण तास लागला. ओलं जाळं दगडासारखं जड असतं. नानांच्या तळहाताला तंगूस कापतो, ते धोतराच्या सोग्याला हात पुसतात नि पुन्हा ओढतात. मग आसात करंगळी घालून दाखवतात. जात नाही. आत बोटाएवढे कटले, अंगाच्या मानाने डोकं मोठं, तोंड वर वळलेलं. बाजारात यांना कुणी विचारत नाही. वर्षभर पाण्यात राहिले असते तर एकेक किलोच्या घरात गेला असता. भाचा जिवंत असलेले ओंजळीने सोडतो. पंधरा-वीस असतील. बाकीचे तरंगतात.

नाना जाळ्याच्या टोकाची गाठ चाचपतात. बराच वेळ.
"ओळखीची आहे?"
"हो."
नाव ते सांगत नाहीत. मीही विचारलं नाही. नवं जाळं घ्यायला त्या घराला किती दिवस लागतील, हे नानांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी जाळं होडीतच राहिलं, हे मला बरोबर वाटलं.

१०.३०
काठावर भाकरी, ठेचा. भाचा मोबाईलवर कोकणातला व्हिडिओ दाखवतो. तिथल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी. २०२५ पासून मत्स्य विभागाचे ड्रोनही वर फिरतात. नाना नीट बघतात. "वरून बोट दिसंल. आस कसा दिसंल?"

दुपारी १.००
वाऱ्यावर परत. इंजिन बंदच.

सायंकाळी ६.००
नाना डब्यात काडी बुडवतात. दीड लिटर उरलंय.
"उद्या साडेतीनच आण," ते भाच्याला सांगतात. "आन् दोनलाच ये. भिंतीकडून निघू."