पोर्ट लुईचा ठराव आणि हॅमिल्टनचे मैदान



एखाद्या शहरात मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरायची असली की त्या शहराचे रूप पालटते. रस्त्यांना नवे डांबर चढते, भिंतींना रंग लागतो, दिव्यांच्या खांबांवर देशोदेशींचे झेंडे फडकू लागतात. त्याबरोबर कठडेही येतात. चौकाचौकात पोलीस उभे राहतात, बसगाड्यांचे मार्ग बदलतात आणि बाजाराला निघालेल्या बाईला लांबचा वळसा पडतो. दुसऱ्या बाजूला फलक रंगवणारी मंडळीही तयारीला लागतात. आत पाहुणे, बाहेर निदर्शक आणि मध्ये पोलीस. असे चित्र जगात सगळीकडे दिसते.

आपल्या बेटालाही हे नवे नाही. 1993 साली फ्रेंच भाषिक देशांची शिखर परिषद आपल्याकडे झाली. 2005 साली लहान बेटांच्या प्रश्नांवर संयुक्त राष्ट्रांची सभा पोर्ट लुईला भरली. पण आज मला त्याहून जुन्या सभेची आठवण द्यायची आहे. तिचा धागा थेट न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहरापर्यंत जातो, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना तो ठाऊक आहे.

1976 चे पोर्ट लुई

जून-जुलै 1976 मध्ये आफ्रिकी ऐक्य संघटनेची बैठक पोर्ट लुईला भरली. आधी मंत्र्यांची बैठक, मग राष्ट्रप्रमुखांची. मावळते अध्यक्ष होते युगांडाचे इदी अमीन. त्यांच्याकडून अध्यक्षपद आपले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांच्याकडे आले. त्याच दिवसांत अपहरण केलेले एक विमान युगांडातील एंटेबे विमानतळावर उभे होते, आणि 3 जुलैच्या रात्री इस्राएली सैनिकांनी तेथे छापा घालून ओलिसांना सोडवले. साऱ्या जगाचे कान तिकडे लागले होते.

मात्र सभागृहात आणखी एक विषय होता. 16 जूनला दक्षिण आफ्रिकेत सोवेटो येथे शाळकरी मुलांच्या मोर्चावर गोळीबार झाला होता. मुलांची तक्रार अशी की आमच्यावर आफ्रिकान्स भाषेतून शिक्षण लादू नका. ते रक्त वाळले नव्हते, तोच न्यूझीलंडचा रग्बी संघ, ज्याला 'ऑल ब्लॅक्स' म्हणतात, दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला. ज्या देशात काळ्या माणसाला मताचा अधिकार नाही, त्या देशाशी असे खेळाचे संबंध ठेवावेत काय? पोर्ट लुईच्या सभेने न्यूझीलंडविरुद्ध ठराव केला. त्याच जुलै महिन्यात कॅनडातील मॉन्ट्रियल ऑलिंपिकमधून वीसहून अधिक देशांनी, बहुतेक आफ्रिकी, आपले खेळाडू माघारी बोलावले. कित्येक वर्षे धावण्याचा सराव केलेली मुले सामान बांधून घरी परतली. ती किंमत लहान नव्हती.

आपण मात्र प्रामाणिक राहावे. त्या काळी मॉरिशसचा दक्षिण आफ्रिकेशी व्यापार चालू होता, तेथले प्रवासीही आपल्या समुद्रकिनाऱ्यांवर येत होते. लहान बेटाला पोट असते. ठराव करणे आणि तो रोजच्या व्यवहारात पाळणे यांत अंतर पडतेच.

ग्लेनईगल्सचा करार

पुढच्या वर्षी, जून 1977 मध्ये, राष्ट्रकुलाचे नेते लंडनला जमले. सुट्टीच्या दिवसांत ते स्कॉटलंडमधील ग्लेनईगल्स येथे गेले आणि तेथे त्यांनी एक करार केला. दक्षिण आफ्रिकेशी खेळाचे संबंध राहू नयेत यासाठी प्रत्येक सरकारने शक्य ते सर्व करावे, असा त्याचा आशय. हा करार घडवून आणण्यात राष्ट्रकुलाचे सरचिटणीस श्रीदत्त रामफळ यांचा मोठा वाटा होता. ते गयानाचे, गिरमिटियांच्या वंशातले. म्हणजे आपल्यासारख्याच घराण्यातले.

न्यूझीलंडचे पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांनीही करार मान्य केला. तरीही 1981 सालच्या दौऱ्यासाठी तेथील रग्बी मंडळाने दक्षिण आफ्रिकेच्या 'स्प्रिंगबॉक' संघाला आमंत्रण दिले. मल्डून म्हणाले, निर्णय मंडळाचा आहे, सरकार आडवे येणार नाही. खेळात राजकारण आणू नये हा त्या बाजूचा युक्तिवाद. दुसरी बाजू विचारत होती की ज्या देशाने कातडीचा रंग पाहून माणसे वेगळी केली आहेत, तेथे राजकारण आधीच मैदानात उतरलेले नाही काय?

याचा परिणाम परिषदेवरही झाला. राष्ट्रकुलाच्या अर्थमंत्र्यांची बैठक सप्टेंबर 1981 मध्ये ऑकलंडला व्हायची होती. ती तेथून उचलून बहामा बेटांवरील नासाऊ येथे नेण्यात आली. पाहुण्यांनी यजमानाच्या घरी जेवायला नकार द्यावा, तसे झाले.

25 जुलै 1981

आता हॅमिल्टनकडे वळू. ऑकलंडपासून दक्षिणेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, वायकाटो नदीच्या दोन्ही तीरांवर हे शहर वसले आहे. भोवती हिरवी कुरणे आणि दुभत्या गाई. शहराच्या उत्तरेकडील रोटोटुना भागात माझा मावसभाऊ सहकुटुंब राहतो, म्हणून मला हा भाग थोडाफार पाहायला मिळाला. माओरी भाषेत रोटो म्हणजे तळे आणि टुना म्हणजे वाम मासा. आज तेथे नव्या घरांच्या रांगा, शाळा आणि दुकाने आहेत. 1981 साली तेथे बहुतेक शेतेच होती. तेथून मोटारीने थोड्याच वेळात शहरातल्या रग्बीच्या मैदानावर जाता येते. जुन्या रग्बी पार्कच्या जागी आता नवे स्टेडियम उभे आहे.

शनिवार, 25 जुलै 1981. वायकाटो विरुद्ध स्प्रिंगबॉक असा सामना होता. प्रेक्षक हजारोंनी आले होते. शहरात पोलिसांचा मोठा बंदोबस्त होता. दक्षिण आफ्रिकेत हा सामना दूरदर्शनवर थेट दाखवला जाणार होता, आणि तेथली माणसे पहाटेच उठून पडद्यापुढे बसली होती.

मोर्चा मैदानाच्या बाजूने आला. निदर्शकांनी एका ठिकाणी कुंपण पाडले आणि सुमारे साडेतीनशे माणसे आत शिरली. ती मैदानाच्या मधोमध गेली आणि हातात हात गुंफून उभी राहिली. त्यांत विद्यार्थी होते, पाद्री होते, माओरी होते आणि साध्या घरातल्या बायकाही होत्या. पोलिसांनी एकेकाला धरून न्यायला सुरुवात केली. तासाभरात पन्नासेक जणांना अटक झाली. बाकीचे उभेच होते. प्रेक्षकांचा राग वाढत गेला. बाटल्या आणि हाती येईल ते मैदानात पडू लागले. तेवढ्यात बातमी आली की एक वैमानिक चोरलेले लहान विमान घेऊन मैदानाकडे येत आहे. ते गर्दीवर कोसळले तर? शेवटी पोलिसांनी सामना रद्द केला.

एका क्षणी साऱ्या मैदानाचा संताप त्या साडेतीनशे माणसांवर वळला. बाहेर पडताना आणि नंतर रस्त्यांवर त्यांना मार बसला, अनेक जण जखमी झाले. ज्यांना अटक करायला पोलीस आले होते, त्यांनाच प्रेक्षकांपासून वाचवण्याची वेळ त्या पोलिसांवर आली.

दक्षिण आफ्रिकेतल्या पडद्यांवर खेळाऐवजी हे दृश्य दिसले. तेथल्या गोऱ्या माणसांना प्रथमच घरबसल्या कळले की जगाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्याच रंगाची माणसे आपल्याविरुद्ध उभी आहेत. नेल्सन मंडेला तेव्हा रॉबेन बेटावर तुरुंगात होते. सामना बंद पडल्याची बातमी तेथे पोचली तेव्हा सूर्य उगवल्यासारखे वाटले, असे त्यांनी पुढे सांगितल्याचे नमूद आहे.

तारांचे कुंपण

हॅमिल्टननंतर देशाचा चेहरा बदलला. चारच दिवसांनी, 29 जुलैला, राजधानी वेलिंग्टनमध्ये मोल्सवर्थ रस्त्यावर पोलिसांनी निदर्शकांवर दंडुके चालवले. त्यानंतर लोक मोर्चाला डोक्यावर शिरस्त्राण घालून येऊ लागले. मैदानांभोवती काटेरी तारांची वेटोळी पडली. खास पोलीस तुकड्या तयार झाल्या. 12 सप्टेंबरला ऑकलंडच्या शेवटच्या सामन्यात तर एका लहान विमानातून मैदानावर पिठाच्या पिशव्या टाकल्या गेल्या. छप्पन्न दिवसांच्या त्या दौऱ्यात दीड लाखांहून अधिक लोक निदर्शनांत उतरले आणि सुमारे दीड हजार जणांवर खटले भरले गेले. तीस लाखांच्या आसपास वस्तीच्या देशाला हा आकडा फार मोठा आहे. घराघरांत भांडणे झाली. बाप सामन्याला आणि मुलगी मोर्चाला, असे कित्येक घरांत घडले.

आणखी एक गोष्ट झाली. माओरी पुढाऱ्यांनी आपल्याच सोबत चालणाऱ्या गोऱ्या बांधवांना विचारले, दूरच्या आफ्रिकेतल्या अन्यायासाठी तुम्ही मार खाता, मग येथे आमच्या जमिनींचे काय? हा प्रश्न अवघड होता, पण तो विचारला गेला आणि पुढल्या काळात देशाला त्याचा विचार करावा लागला.

ऑकलंडच्या दोन परिषदा

1994 साली मंडेला दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांचा देश राष्ट्रकुलात परत आला. नोव्हेंबर 1995 मध्ये राष्ट्रकुलाच्या नेत्यांची परिषद ऑकलंडलाच भरली. 1981 साली ज्या शहरातून अर्थमंत्र्यांची बैठक हलवावी लागली, तेथे आता मंडेला सन्माननीय पाहुणे म्हणून आले. परिषद सुरू झाली त्याच दिवशी, 10 नोव्हेंबरला, नायजेरियाच्या लष्करी सरकारने लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ साथीदारांना फाशी दिले. मंडेलांनी कडक कारवाईचा आग्रह धरला आणि नायजेरियाचे सदस्यत्व स्थगित झाले. या वेळी कागदामागे खरोखर कृती उभी राहिली.

चार वर्षांनी, सप्टेंबर 1999 मध्ये, त्याच ऑकलंडला प्रशांत महासागराभोवतीच्या देशांची अपेक परिषद भरली. अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन आणि चीनचे अध्यक्ष जियांग झेमिन आले होते. तिबेटसाठी निदर्शने करणाऱ्यांना पाहुण्यांच्या नजरेपासून दूर ठेवण्याची खटपट झाली. क्राइस्टचर्चमध्ये तर मध्ये बसगाड्या उभ्या करून त्यांना झाकण्यात आले. पुढे संसदेच्या समितीने चौकशी केली आणि पोलिसांच्या काही वागणुकीला दोष दिला. पाहुण्याचा जीव सांभाळणे हे पोलिसांचे काम, पण पाहुण्याला अप्रिय दृश्य दिसू नये याची काळजी घेणे हे त्यांचे काम नाही, असा त्या प्रकरणाचा साधा बोध मी घेते.

आपला यात काय संबंध?

कोणी म्हणेल, रग्बी आपला खेळ नव्हे आणि न्यूझीलंड आपला देश नव्हे. पण जरा मागे पाहा. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या हक्कांसाठी 1912 साली गोपाळ कृष्ण गोखले स्वतः तेथे गेले. गोखले रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या पणजोबांच्या मुलखातले. गिरमिट मजुरीची पद्धत बंद व्हावी म्हणून त्यांनी कौन्सिलात ठराव मांडले. ज्या गांधीजींच्या बोलावण्यावरून ते आफ्रिकेला गेले, त्यांची पावले 1901 साली आपल्या बेटालाही लागली होती. 1946 साली दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेणारा देशही भारतच. तेव्हा पोर्ट लुईचा ठराव आकाशातून पडलेला नव्हता. त्याची मुळे जुनी होती, आणि त्यांतले एक आपल्या कोकणात होते.

शाळेत शिकवणारी बाई म्हणून मला आणखी एक दिवस आठवावासा वाटतो. 20 मे 1975 रोजी आपल्याच कॉलेजातली मुले रस्त्यावर उतरली आणि ग्रां रिव्हियेरच्या पुलावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. माझा जन्म त्यानंतरचा. पण मोफत माध्यमिक शिक्षणाची मागणी त्या मुलांनी केली आणि पुढे ती मान्य झाली. माझ्या पिढीतल्या कष्टकऱ्यांच्या मुली कॉलेजात गेल्या, शिक्षिका झाल्या, त्या मागणीमुळेच. तेव्हा मोर्चा म्हणजे केवळ धिंगाणा, असे मला वर्गात सांगता येत नाही.

तसेच, मोर्चा म्हणजे सर्व काही क्षम्य, असेही सांगता येत नाही. चोरलेले विमान गर्दीवर पडले असते तर शेकडो निरपराध माणसे मेली असती, आणि मग हॅमिल्टनचे नाव आज वेगळ्या कारणाने घ्यावे लागले असते. हात गुंफून उभी राहिलेली माणसे आणि ते विमान यांत फरक आहे. पहिल्या प्रकारात माणूस स्वतःला संकटात घालतो, दुसऱ्या प्रकारात इतरांना. गांधीजींनी हा फरक दक्षिण आफ्रिकेतच शिकला आणि शिकवला. मुलांना तो समजतो, पण तो कोणीतरी समजावून सांगावा लागतो.

परिषदांत नेते सह्या करतात. त्या सह्यांना अर्थ आहे, कारण त्या नसत्या तर हॅमिल्टनच्या लोकांना, तुम्ही दिलेला शब्द पाळा, असे आपल्या सरकारला म्हणता आले नसते. मात्र दिलेला शब्द पाळला जातो की नाही हे पाहणारी माणसे सभागृहाबाहेर असतात. पोर्ट लुई, ग्लेनईगल्स आणि हॅमिल्टन ही एकाच साखळीची कडी आहेत. पहिली आपल्या बेटावर घडली, याचा आपल्याला थोडा अभिमान वाटावा आणि ती पूर्णपणे पाळणे आपल्यालाही जड गेले, याचे भान राहावे.

पुढच्या वेळी आपल्या शहरात पाहुण्यांसाठी रस्ते धुतले जातील, कठडे लागतील आणि पलीकडे दहा-वीस माणसे फलक धरून उभी दिसतील. तेव्हा वाट अडली म्हणून नुसते त्रासून जाऊ नका. दोन मिनिटे थांबून तो फलक वाचा आणि घरी गेल्यावर मुलांना त्याचा अर्थ सांगा. पटला नाही तर तेही सांगा. पण वाचा जरूर.