घडवणे आणि थांबणे : सातारा-सांगलीच्या तालमींतला एक प्रश्न

पैलवान कसा घडतो, हे सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गावात विचारावे. पारावरचा माणूस तासभर बोलेल. खुराक, मेहनत, वस्ताद, पहिले मैदान, पहिले इनाम, सगळे त्याला पाठ असते. पण तो पैलवान थांबला कधी, असे विचारले की बोलणे अडते. कुठल्या जत्रेतली कुस्ती शेवटची, ती का शेवटची, पुढे त्याचे काय झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. आपल्याकडे कुस्तीला आरंभ आहे, कीर्ती आहे. शेवट मात्र कुणी लिहून ठेवत नाही.

मी स्वतः पैलवान नाही. सांगलीत राहतो आणि कृष्णाकाठच्या तालमींत जाऊन बसण्याची सवय आहे, एवढाच माझा अधिकार. तिथे बसून जे पाहिले आणि या दोन जिल्ह्यांच्या कुस्तीचा इतिहास चाळताना जे हाती लागले, त्यावरून माझी एक समजूत झाली आहे. पोराला घडवणे आणि आपण थांबणे ही जुन्या तालमीत दोन कामे नव्हती. एकाच कामाची ती दोन टोके होती. आज ती टोके एकमेकांपासून सुटली आहेत, आणि त्याची किंमत पोरेही मोजताहेत, थोरेही.

खेळवणे

नऊ-दहा वर्षांचे पोर तालमीत येते तेव्हा त्याला लगेच डाव शिकवत नाहीत. हौदा खणायला लावतात. तेल, ताक, हळद, लिंबू पिऊन मऊ झालेली लाल माती फावड्याने उलटीपालटी करायची, तीच त्याची पहिली मेहनत. खांदा, कंबर आणि मनगट त्यातून तयार होते. मग जोर, बैठका, सपाट्या. नुसते पडायला शिकण्यात काही महिने जातात. मान कुठे राखायची, खांदा कसा वळवायचा, खाली जाताना हात कुठे टेकायचा नाही, हे अंगात मुरले की मग पट, टांग, ढाक, घिस्सा.

डाव अंगात मुरतात ते मात्र लढतीत. इथे तालमीतला एक शब्द ध्यानात घेण्यासारखा आहे : खेळवणे. थोराड मल्ल पोराला अंगावर घेतो आणि निम्म्या ताकदीने लढतो. पोराने पट काढला तर काढू देतो, पण ढिला काढला असेल तर सुटून दाखवतो. बरोबर काढला की पाठीवर पडतो. आपल्या पडण्याने तो पोराला सांगतो, की हा डाव तुला आला. तोंडी शिकवणीपेक्षा ही शिकवणी खोल जाते, कारण पोराला डावाचा वेग, वजन आणि वेळ यांचा अंदाज अंगावरून कळतो.

खेळवायला ताकद लागतेच, पण त्याहून जास्त लागते ती हारण्याची तयारी. मैदानात ज्याला पाठ लागू द्यायची नाही, त्याच माणसाने सकाळी हौद्यात बारा वर्षांच्या पोराकडून पाठ लावून घ्यायची. हे ज्याला जमते, तो थांबण्याचा सराव रोज करत असतो. एखाद्या पैलवानाला मैदान झेपेनासे होते, तरी पुढची कितीतरी वर्षे तो उत्तम खेळवू शकतो. म्हणून जुन्या रीतीत निवृत्ती म्हणजे तालमीबाहेर पडणे नव्हते. हौदा तोच, माती तीच. माणूस फक्त हौद्याच्या मधून काठावर यायचा. त्या काठावरच्या जागेला वस्ताद म्हणतात.

वस्ताद शेवटचा डाव राखून ठेवतो, असे आपण म्हणतो आणि त्यात त्याचा कावा पाहतो. मला त्यात दुसरीही गोष्ट दिसते. एक डाव हाती असतो, म्हणूनच मैदान सोडल्यावरही पोराला त्याची गरज उरते.

तिघे

या दोन जिल्ह्यांनी तीन मोठी माणसे दिली. तिघांचे घडणे आणि थांबणे शेजारी ठेवून पाहावे.

पहिले खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, तेच पहिले वस्ताद. पुढे कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकताना तिथल्या तालमींनी त्यांना घडवले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. मातीवर वाढलेला हा मुलगा तिथे गादीवर लढत होता. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ५७ किलो गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेव्हा त्यांचे वय २६ होते.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि २७ वर्षे नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून बाहेर पडले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांनी पोलिसांतल्या मल्लांना शिकवले, पण देशाने त्यांच्याभोवती पोरे बसवली नाहीत. ऑलिंपिकच्या गादीवर पदक मिळवण्याचा अनुभव असलेला देशातला एकटा माणूस होता तो. त्याला खेळवायला नवी पिढी मिळाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मनातून जात नाही. महाराष्ट्राला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते थेट २०२४ साली, पॅरिसमध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत मिळवलेले. मध्ये ७२ वर्षे गेली.

दुसरे गणपतराव आंदळकर, शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत ते घडले. १९६० साली हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळवले, आणि १९६४ साली ते टोकियो ऑलिंपिकला गेले. मैदान सुटल्यावर ते मोतीबागेतच वस्ताद म्हणून बसले. दादू चौगुले त्यांच्याच हाताखाली तयार झाले : १९७० आणि १९७१ चे महाराष्ट्र केसरी, १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले रौप्यपदक विजेते. दादूंचे चिरंजीव विनोद चौगुले पुढे महाराष्ट्र केसरी झाले. बोरामणीचे आप्पालाल शेखही आंदळकरांच्याच शिष्यांतले. आंदळकर २०१८ साली गेले. त्यांच्या मल्लपणाची वर्षे मोजली तर दीड दशकाच्या आसपास भरतील. वस्तादपणाची त्याच्या कितीतरी पट.

तिसरे मारुती माने, मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे. जकार्ताला त्यांनीही एक सुवर्ण आणि एक रौप्य जिंकले. सांगली जिल्ह्यातल्या दोन गावांचे दोन मल्ल एकाच आशियाई स्पर्धेतून प्रत्येकी दोन पदके घेऊन परतले, ही गोष्ट आज सांगलीतल्या कॉलेजच्या मुलांना ठाऊक नसते. माने १९६४ साली हिंदकेसरी झाले. कुस्तीनंतर ते सार्वजनिक जीवनात आले. गावाने त्यांचे नाव इतके आपले केले, की कवठेपिरान म्हटले की आधी भाऊ आठवतात.

खात्यात गेलेला, तालमीत राहिलेला आणि गावाचा झालेला, अशा या तीन वाटा. तिन्ही सन्मानाच्या. पण कुस्तीला सर्वांत जास्त परत मिळाले ते मधल्या वाटेने.

वजनाचे कोडे

आता आजच्या पोरांकडे वळू. महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ पासून सुरू आहे. पहिला मान सांगली जिल्ह्याच्या दिनकर दह्यारींना मिळाला होता. आज हा किताब ८६ ते १२५ किलोच्या खुल्या गटात लढला जातो. माती आणि गादी असे दोन विभाग, दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी. बाकीच्या वजनगटांतही कुस्त्या होतात, पदके मिळतात; पण गदा, मिरवणूक, वर्तमानपत्राचे पहिले पान आणि जंगी मैदानाची सुपारी या मोठ्या गटालाच.

याचा परिणाम तालमीत सोळाव्या वर्षापासून दिसतो. मुळात ६० किलोचा, चपळ, लांब हातांचा मुलगा गदेसाठी वजन वाढवू लागतो. आता हा हिशेब पाहा. २०२४ पर्यंत भारताला कुस्तीत आठ ऑलिंपिक पदके मिळाली : खाशाबा, सुशीलकुमार दोनदा, योगेश्वर दत्त, साक्षी मलिक, रवी दहिया, बजरंग पुनिया आणि अमन सेहरावत. यांतले सर्वांत जड पदक ६६ किलो गटातले आहे. खाशाबा आणि अमन दोघेही ५७ किलोचे. खाशाबा आज असते तर महाराष्ट्र केसरीच्या किताबी लढतीला उभे राहू शकले नसते. आपली सगळ्यांत मोठी गदा आणि आपली ऑलिंपिक पदके वेगवेगळ्या वजनांत आहेत. पोराला कुठल्या वजनात घडवायचे, हा निर्णय वस्तादाने त्याच्या हाडापेराकडे बघून घ्यायचा असतो. आज तो बक्षिसाच्या रकमेकडे बघून होतो.

याच निर्णयात थांबण्याचे दुखणेही पेरलेले असते. ओढूनताणून वाढवलेले वजन गुडघ्यावर येते. मेहनत बंद होते, खुराकाची सवय सुटत नाही. मग साखर आणि रक्तदाब मागे लागतात. कुस्ती सोडल्यावर खुराक टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो, मेहनत एकदम तोडायची नसते. काठावर बसून पोरांना खेळवणाऱ्याचा हा उतार आपोआप सांभाळला जातो. तालमीचा दरवाजा एका दिवसात बंद करून घरी गेलेल्याचा नाही.

खूण कशी ओळखावी

मग थांबायचे कधी? शरीर याची खूण देते, पण फसवी क्रमवारी लावून देते. आधी जातो तो क्षण पकडण्याचा वेग. समोरच्याचा हात आपल्या पायाकडे निघाला, हे डोळ्याला दिसते, पण पाय मागे यायला पापणी लवण्याएवढा उशीर होतो. त्यानंतर जातो तो दम भरून येण्याचा वेग. एका कुस्तीचा शीण दुसऱ्या दिवशी उतरायचा, तो आता चार दिवस राहतो. ताकद सगळ्यांत शेवटी जाते. म्हणून पैलवान फसतो. पकड अजून लोखंडी असते, पोरे हातात धरली की सुटत नाहीत, त्यामुळे आपले काही बिघडलेले नाही असे त्याला वाटते. मातीवरच्या निकाली कुस्तीत वजन टाकून, खडाखडी लांबवून हा उशीर काही काळ झाकता येतो. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. तिथे झाकायला जागा नसते.

ही खूण स्वतःला दिसत नाही, ती वस्तादाला दिसते. पैलवानाला थांब म्हणणे हे वस्तादाचे शेवटचे आणि सर्वांत कठीण काम. पण त्यासाठी वस्तादाचा शब्द इनामापेक्षा जड असावा लागतो. आज तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पुष्कळ काही आहे. नरसिंग यादवने २०११ ते २०१३ आणि विजय चौधरीने २०१४ ते २०१६ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी जिंकले, आणि दोघांनाही पोलीस उपअधीक्षकपद मिळाले. त्यांनी ते कमावले, यात शंका नाही. पण त्यामुळे तीन हा आकडा प्रत्येक तालमीच्या भिंतीवर कोरला गेला. एकदा किंवा दोनदा जिंकलेल्याला तिसऱ्यासाठी आणखी एक वर्ष, मग आणखी एक वर्ष, असे वाटत राहते. भाळवणीच्या चंद्रहार पाटलांनी २००७ आणि २००८ असे लागोपाठ दोनदा मैदान मारले, तिसरी गदा आली नाही. दोन गदा म्हणजे मोठा पराक्रम. पण आपले लोक आठवण काढतात ती हुकलेल्या तिसरीची. जिथे किताब हीच नोकरीची एकमेव वाट, तिथे थांब म्हणणारा वस्ताद पोटावर पाय देणारा ठरतो.

२०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अपराजित वाटणाऱ्या कारेलिनला हरवणारा अमेरिकन मल्ल रूलन गार्डनर २००४ साली अथेन्सला कांस्यपदक घेऊन थांबला. शेवटच्या कुस्तीनंतर त्याने आपले बूट काढून गादीच्या मधोमध ठेवले. कुस्तीजगतात ही निवृत्तीची खूण मानतात. आपल्याकडे मातीत बूट नसतात, आणि ठेवून जाण्याचा असा विधीही नाही. कुंडल किंवा पुसेगावच्या मैदानात, हजारो लोकांसमोर, नव्या जोडीची सलामी होण्याआधी एखाद्या थांबणाऱ्या मल्लाला पाच मिनिटे द्यायला काय हरकत आहे? त्याने आपल्या हाताने एका पोराला मातीत उतरवावे, एवढेच. त्याला थांबताना लाज वाटणार नाही, आणि त्याचे काम पुढे कोणाकडे गेले, हे गावालाही दिसेल.

कारण हा प्रश्न आता नव्या दाराशी उभा आहे. २०२३ च्या मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने पहिली गदा उचलली. तेव्हापासून मी जातो त्या तालमींत मुलींची संख्या दिसण्याइतकी वाढली आहे. त्या हौद्यात उतरतात तेव्हा काठावर बसलेले सगळे वस्ताद पुरुष असतात. पोरीला पोरीच्या अंगाने खेळवणारी, तिचे वजन, तिचे महिन्याचे दिवस, तिच्या घरचा लग्नाचा घोर हे सगळे ओळखणारी थोरली अजून काठावर आलेली नाही. येणार कुठून? ती आज हौद्याच्या मध्ये लढते आहे. दहा-बारा वर्षांनी तिचा पाय मागे यायला पापणीभर उशीर होईल. त्या दिवशी तिला घरी पाठवायचे की काठावर बसवायचे, हे आपल्याला ठरवावे लागेल. ती जागा आतापासून मोकळी ठेवायला हवी.