घर सासूचे, हक्क सुनेचाही

समजा, खुलताबादची लेक नाशिकला दिली आहे. एका रात्री सासरच्यांनी तिला अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढले आणि पहाटेच्या एसटीने ती माहेरी आली. अशा वेळी वडिलांना हमखास सांगितले जाते की, दाद मागायची तर नाशिकलाच हेलपाटे घालावे लागतील. हा सल्ला चुकीचा आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. पीडित स्त्री तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही या कायद्याखाली अर्ज करता येतो. म्हणजे आपल्या खुलताबादच्या कोर्टातही. धर्म कोणताही असो, कायदा हाच. अर्ज लिहायला संरक्षण अधिकारी मदत करतात. विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

अंगावर वळ दिसलेच पाहिजेत असेही नाही. मुलगा झाला नाही म्हणून हिणवणे, खर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन परस्पर विकणे, हाही हिंसाचारच.

खरा प्रश्न असतो तो छपराचा. पुष्कळ बायकांना नवऱ्याला तुरुंगात धाडायचे नसते. त्यांना राहते घर हवे असते. पण घर सासूच्या नावावर असेल तर? २००६ मध्ये बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा घरावर सुनेचा हक्क नाही, असे म्हटले आणि घरे सासू-सासऱ्यांच्या नावावर असल्याची सबब सोपी झाली. तब्बल चौदा वर्षांनी, १५ ऑक्टोबर २०२० रोजी, आहुजा खटल्यात त्याच न्यायालयाने ती भूमिका चुकीची ठरवली. सून ज्या घरात संसार करत होती, ते सासऱ्याचे असले तरी तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते. यातून घराची मालकी मात्र मिळत नाही, आणि म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांच्या स्वास्थ्याचाही विचार न्यायालय करते. तिथे राहणे अशक्यच असेल, तर तिच्यासाठी तशाच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचे भाडे देण्याचा आदेश नवऱ्याला होऊ शकतो.

अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा पडतातच. म्हणून अंतरिम आदेश पहिल्याच अर्जात मागावा. संरक्षणाचा आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आदेशाची प्रत अर्जदार स्त्रीला आणि पोलीस ठाण्याला विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी.