विश्लेषण : २४ लाख मतं, जागा शून्य! जर्मनीच्या निवडणुकीत असं कसं झालं?

फक्त ९,५२९ मतं कमी पडली आणि एक अख्खा पक्ष जर्मनीच्या संसदेबाहेर राहिला. २३ फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत झारा वागेनक्नेश्त यांच्या बीएसडब्ल्यू पक्षाला ४.९८१ टक्के मतं मिळाली. अट होती ५ टक्क्यांची. जवळपास २४ लाख ७२ हजार मतं, आणि हाती भोपळा.

५ टक्क्यांची भानगड काय?

जर्मन मतदार दोन मतं देतो. पहिलं आपल्यासारखंच, मतदारसंघातल्या उमेदवाराला. दुसरं पक्षाला, आणि खरा खेळ याच मताचा. बुंडेस्टाग या संसदेच्या ६३० जागा दुसऱ्या मतांच्या प्रमाणात पक्षांना मिळतात. पण देशभरात ५ टक्के मतं किंवा तीन मतदारसंघांत विजय नसेल, तर पक्ष वाटपातून बाद. हिटलरपूर्व काळात संसदेत छोट्या पक्षांची गर्दी झाली होती, सरकारं टिकत नव्हती. तो धडा घेऊन ही अट आली. १९५३ पासून ती देशपातळीवर मोजली जाते.

डॅनिश अल्पसंख्याकांच्या एसएसडब्ल्यू पक्षाला मात्र यातून सूट आहे. त्याला सुमारे ७६ हजार मतांवर एक जागा मिळाली!

या निवडणुकीत तर मतदारसंघात पहिले आलेले २३ उमेदवारही घरी बसले. पक्षाच्या दुसऱ्या मतांत बसतील तेवढ्याच विजेत्यांना आता प्रवेश मिळतो. पूर्वी जादा जागा दिल्या जात, त्यामुळे २०२१ मध्ये सभागृह ७३६ वर गेलं होतं. आपल्याकडे जिंकलेल्या उमेदवाराला ‘तुम्ही आत नाही’ असं सांगून पाहा!

९,५२९ मतांनी काय बदललं असतं?

सरकारचं गणित. सीडीयू-सीएसयूच्या २०८ आणि एसपीडीच्या १२० मिळून ३२८ जागा झाल्या. बहुमताला ३१६ लागतात. १५२ जागांच्या एएफडीशी युती करायला कोणी तयार नव्हतं. बीएसडब्ल्यू आत आला असता तर सगळ्यांचे वाटे घटले असते आणि या दोघांचं बहुमत गेलं असतं. तिसरा भिडू शोधावा लागला असता. बीएसडब्ल्यूने फेरमोजणीचा आग्रह धरला तो यासाठीच.

तसंही बहुमत काठावरचंच. ६ मे रोजी चान्सलरपदाच्या गुप्त मतदानात फ्रीडरिश मर्झ यांना पहिल्या फेरीत ३१०च मतं पडली. त्याच दिवशी दुसरी फेरी घ्यावी लागली, तेव्हा ३२५ मतांवर ते निवडून आले.