पिक्टूहून उलट्या वाटेने

सप्टेंबर १७७३मध्ये ‘हेक्टर’ जहाज स्कॉटिश हायलँडमधली कुटुंबं घेऊन नोव्हा स्कोशियातल्या पिक्टूला लागलं. अशा घराण्याचा माग काढायचा, तर सुरुवात कॅनडातूनच करावी. १९०१च्या जनगणनेत जन्मतारीख आणि स्थलांतराचं वर्ष विचारलेलं आहे. जहाजांच्या प्रवासी याद्यांवर फार भिस्त नको. १८६५पूर्वीच्या तुरळकच आहेत.

स्कॉटलंडमध्ये नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ला सुरू झाली. तिथल्या मृत्यूनोंदीत आईचं माहेरचं आडनावही असतं, म्हणजे एका कागदात दोन घराणी. पहिल्या वर्षी तर मृताचं जन्मस्थान, त्याच्या हयात आणि दिवंगत मुलांची नावं, दफनाची जागा, सगळंच लिहून घेतलं. हा खटाटोप झेपेना, म्हणून १८५६पासून रकाने कमी झाले. पूर्वज नेमका १८५५मध्ये वारला असेल, तर शोधणाऱ्याची चांदीच! त्याआधीची भिस्त चर्चच्या वह्यांवर, आणि हायलँडमध्ये त्याही अपुऱ्या.

खरी डोकेदुखी नावांची. थोरल्याला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, असा रिवाज. त्यामुळे एकाच पिढीत चुलतभाऊ सगळेच ‘डोनाल्ड मॅक्डोनाल्ड’. तिथे आईचं माहेर, धंदा आणि शेताचं नाव ताडून पाहावं.