औषध ‘सोसत नाही’ म्हणजे नेमके काय?

“डॉक्टर, मला पेनिसिलीन सोसत नाही.” साताऱ्यात काय किंवा सांगली-मिरजेत काय, सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हे वाक्य नेहमी कानी पडते. तेव्हा नेमके काय झाले होते, असे विचारले की उत्तरे मात्र वेगवेगळी येतात. कुणाला लहानपणी इंजेक्शन घेताना चक्कर आली होती, कुणाला गोळ्यांनी जुलाब झाले होते, तर कुणाच्या अंगावर तासाभरात गांधी उठून श्वास कोंडला होता. केसपेपरवर तिघांच्याही नावापुढे लाल शाईने एकच शब्द लिहिला जातो : अ‍ॅलर्जी.

यातली खरी अ‍ॅलर्जी तिसऱ्याची. शरीराची प्रतिकारयंत्रणा औषधालाच शत्रू समजते तेव्हा तिला अ‍ॅलर्जी म्हणतात. सुईच्या भीतीने आलेली चक्कर किंवा औषधाचा नेहमीचा दुष्परिणाम म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार तेथील सुमारे १० टक्के रुग्ण पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असल्याचे सांगतात. प्रत्यक्षात ती १ टक्क्याहूनही कमी लोकांना असते. शिवाय ज्यांना ती खरोखर होती, त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के लोकांची १० वर्षांत निघून जाते.

चुकीच्या शिक्क्याची किंमत मोठी असते. ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलाला अनेक वर्षे दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते. निव्वळ भीतीपोटी ते बंद केले, तर ताप उलटतो आणि झडप आणखी खराब होते.

म्हणून आधी चौकशी हवी. औषध कोणते होते? घेतल्यावर किती वेळाने त्रास झाला? काय उपचार करावे लागले? त्यानंतर ते औषध पुन्हा पोटात गेले का? पेनिसिलीन सोसत नाही म्हणणाऱ्याने मधल्या काळात दातदुखीसाठी अ‍ॅमॉक्सिसिलीन, म्हणजे त्याच कुळातले औषध, बिनतक्रार घेतल्याचेही कधी कधी निघते. शंका उरली तर त्वचेची चाचणी करतात किंवा देखरेखीखाली थोड्या मात्रेने औषध देऊन पाहतात. हे काम रुग्णालयातच व्हावे. घरी प्रयोग नको. औषधाने अंगाची साल निघाली असेल, तोंडात, डोळ्यांत फोड आले असतील, तर ते औषध जन्मात पुन्हा घ्यायचे नाही. तिथे चाचणीही नको.

कधी कधी रिअ‍ॅक्शनचा धोका पत्करूनही औषध द्यावेच लागते. वाळवा, कराड भागात उसाच्या फडात घोणस किंवा नाग चावला आणि विषाची लक्षणे दिसू लागली की सर्पविषरोधक लस द्यावी लागते, दुसरा उतारा नाही. ही लस घोड्याच्या रक्तापासून बनते, त्यामुळे काहींना तिची रिअ‍ॅक्शन येते. आधी त्वचेवर चाचणी करून ती कुणाला येईल हे कळत नाही. म्हणून राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तशी चाचणी करू नये असे सांगितले आहे. रिअ‍ॅक्शन आलीच तर लस थांबवतात, प्रौढाच्या मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन देतात आणि रुग्ण सावरला की लस सावकाश पुन्हा सुरू करतात.

रुग्णाच्या हातातही बरेच आहे. मेडिकलमधून सुट्या गोळ्या घेऊ नका. त्रास झाला तर औषधाचे नावच कळत नाही. दर वेळी एकाच जागी काळसर चट्टा उठत असेल, तर त्याआधी कोणती गोळी घेतली होती ते आठवा. अंगदुखीच्या गोळ्यांनी असे होऊ शकते. पुरळाचा फोटो काढा, गोळीचे पाकीट जपून ठेवा. औषधाचे मूळ नाव, तारीख आणि झालेला त्रास एका कागदावर लिहून आधार कार्डासोबत ठेवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा केंद्र सरकारचा निःशुल्क क्रमांक आहे.

औषधानंतर ओठ-जीभ सुजली, घसा आवळला, घरघर लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लिंबू-सरबतात वेळ घालवू नका. रुग्णाला आडवे करून, धाप लागली असेल तर बसवून, १०८ ला फोन करा. अशा वेळी जीव वाचवते ते अ‍ॅड्रेनलिन, आणि ते जितके लवकर मिळेल तितके चांगले.